दिवा आणि नोंदवही

पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय काय किंवा तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे काय, महिनाअखेरीस तेथे प्रपत्रे भरण्याची जी लगबग उडते तिचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल या नावाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. क्रमिक पुस्तकांनी आपल्या मनावर ठसविलेली प्रतिमा निराळी आहे. हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून रात्री फिरणारी करुणामूर्ती, ही ती प्रतिमा. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. १८२० साली जन्मलेल्या आणि १९१० साली निवर्तलेल्या या बाईंच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यात क्रिमियाच्या युद्धाची जेमतेम दोन वर्षे येतात. पुढचा बराच काळ त्यांनी लंडनमध्ये, प्रकृती खालावल्यामुळे खोलीबाहेरही न पडता, कागद आणि आकडे यांच्या संगतीत काढला.

त्याचे मूळ क्रिमियाच्या अनुभवातच होते. नोव्हेंबर १८५४ मध्ये अडतीस परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. सेवेत कसूर नव्हती, तरी त्या हिवाळ्यात मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णांतील मृत्युप्रमाण शेकडा ४२.७ होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या आरोग्य आयोगाने तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा २.२ वर आले. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने हे आकडे मांडताना बाईंना जे दिसले, ते कोणत्याही सेवाव्रती माणसाला जड जाणारे आहे. निष्ठा होती, कष्ट होते; आणि माणसे तरीही मरत होती.

याहून मोठी परीक्षा पुढे आली. कृतज्ञ जनतेने जमविलेल्या नाइटिंगेल निधीतून १८६१ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूतिविभाग उघडण्यात आला. पैसा निधीचा, जागा आणि डॉक्टर रुग्णालयाचे, अशी ती व्यवस्था होती. काही वर्षांत तेथे सूतिकाज्वराने बळी घेतले. हिशेब झाला तेव्हा ७८० बाळंतपणांत २६ माता दगावल्याचे आढळले, म्हणजे हजारी ३३. त्या काळी सबंध इंग्लंडचे प्रमाण हजारी पाचाच्या आसपास होते. अडाणी सुईण आणि कोंदट घर यांच्यापेक्षा बाईंचा स्वतःचा आदर्श विभाग अधिक घातक ठरला होता. १८६७ साली तो बंद करण्यात आला आणि १८७१ साली या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आपल्या नावाने चालणारी संस्था आकड्यांच्या साक्षीने मोडीत निघताना तिचे समर्थन न करणे, हे रात्री दिवा घेऊन फिरण्याहून कठीण काम आहे असे आम्हांस वाटते.

अर्थात आकडेही फसवतात. १८६३ साली रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत बाईंनी फार यांचे एक कोष्टक छापले. त्यात लंडनमधील चोवीस रुग्णालयांचे मृत्युप्रमाण शेकडा नव्वद दिसत होते! वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी खाटेवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागल्याचा तो परिणाम होता. जेथे रुग्ण लवकर बरे होऊन घरी जात आणि खाट पुन्हा भरे, ते रुग्णालय या गणितात अधिक वाईट ठरे. वैद्यकीय नियतकालिकांनी टीकेची झोड उठविली आणि ती योग्यच होती. आपल्याकडेही छेद चुकण्याचा धोका आहे. अत्यवस्थ रुग्ण पनवेलहून मुंबईस पाठविला की मृत्यूची नोंद मुंबईच्या खात्यावर पडते. पनवेलचा तक्ता स्वच्छ राहतो. यात कोणाचा दोष नसेलही, रुग्णाचे हित पाठविण्यातच असेल. पण त्या तक्त्यावरून कोणाची पाठ थोपटणे अगर कान उपटणे सारखेच अन्यायाचे होईल. सफाईचा ठेका हजेरीपटावरून मोजला तर कामगारांची डोकी मोजली जातात, स्वच्छता नव्हे, हेही त्याच जातीचे.

सेवेचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न बाईंनी कधी नजरेआड केला नाही. लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमधील निराधार रुग्णांसाठी १८६५ साली ॲग्नेस जोन्स या प्रशिक्षित परिचारिकेच्या हाताखाली एक पथक नेमले गेले, तेव्हा विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने तीन वर्षांचा भार उचलला. जोन्सबाई १८६८ मध्ये ज्वराने वारल्या. पण प्रयोग पुढे स्थानिक संस्थेने आपल्या खर्चाने चालविला. दान हे सुरुवातीपुरते, पुढची जबाबदारी सार्वजनिक पैशाची, असा हा क्रम होता.

हिंदुस्थानात त्या कधीही आल्या नाहीत. तरी येथील लष्करी ठाण्यांना प्रश्नावली धाडून त्यांनी जे जमविले, त्यावरून १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे मृत्युप्रमाण हजारी ६९ असल्याचे उघड झाले. दहा वर्षांनी ते १८ वर आल्याचे त्यांनीच नमूद केले. मग त्यांची दृष्टी छावणीबाहेरच्या खेड्यांकडे वळली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्याचा ग्रामस्वच्छता कायदा १८८९ साली झाला. त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात असलेली पनवेल परिसराची खेडी याच इलाख्यातली. परंतु कायदा झाला म्हणून विहीर स्वच्छ होत नाही. त्यासाठी पैसा लागतो. शेतकऱ्याकडून गावाच्या नावाने जो उपकर वसूल होतो, त्यातून आधी गावाच्या स्वच्छतेची किमान सोय व्हावी आणि मग उरलेल्यातून इतर कामे, अशी मागणी १८९२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांच्याकडे लेखी केली. ती मान्य झाली नाही.