डॉ. होमी भाभा आणि बंगळुरूची सहा वर्षे

डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे तुर्भ्याच्या अणुभट्ट्या उभ्या राहतात. परंतु जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या तोंडी त्यांचे नाव आजही येते ते एका वेगळ्याच कार्यामुळे. विद्युतभार असलेले दोन कण एकमेकांवर बल कसे लावतात, या प्रश्नाशी ते कार्य निगडित आहे. ते त्यांनी पंचविशी-सव्विशीत, केंब्रिज येथे केले. त्यांची ही विद्वत्ता आपल्या देशाच्या कामी यावी असा निर्णय मात्र पुढे बंगळुरू येथे झाला. या दोन्ही गोष्टींचा परिचय वाचकांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात ग्रंथ, चित्रे व पाश्चात्त्य संगीत यांची रेलचेल होती. मुलाने इंग्लंडमध्ये अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. त्यानुसार १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले. परंतु वर्षभरातच त्यांनी वडिलांना कळवले की आपला ओढा भौतिकशास्त्राकडे आहे आणि दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात आपण सुखी होणार नाही. वडिलांनी मुलाचे मन मोडले नाही. मात्र आधी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले पाहिजे, अशी अट घातली. १९३० मध्ये होमींनी ती अट पुरी केली आणि मग ते गणित व भौतिकशास्त्राकडे वळले.

त्या काळी या शास्त्रात मोठी उलथापालथ चालली होती. केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे स्पर्श न करता ओढतो, हे आपण लहानपणी पाहिलेले असते. मध्ये काहीच दिसत नसता हे बल पलीकडे पोहोचते कसे? मायकेल फॅरडे व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की विद्युतभाराभोवतीचा अवकाश रिकामा नसतो. तेथे विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र असते. विसाव्या शतकात कळले की या क्षेत्रातील ऊर्जेची देवघेव ठराविक पुड्यांनी होते. त्या पुडीला फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, असे नाव मिळाले. दोन इलेक्ट्रॉन जवळ आले असता एकाकडून निघालेला फोटॉन दुसरा शोषून घेतो, त्यासोबत संवेग इकडून तिकडे जातो आणि दोघांचेही मार्ग बदलतात. यालाच आपण बल म्हणतो.

हे समजावून देण्यासाठी दोन होड्यांतील माणसे एकमेकांकडे चेंडू फेकतात आणि होड्या दूर सरतात, असा दाखला दिला जातो. त्यावरून प्रतिकर्षण ध्यानात येते. विरुद्ध भारांमधील आकर्षण मात्र या दाखल्याने समजत नाही. गणित दोन्ही गोष्टी सारख्याच अचूकपणे सांगते. हे मधले फोटॉन कोणत्याही उपकरणाला प्रत्यक्ष दिसत नाहीत, म्हणून त्यांना आभासी फोटॉन म्हणतात. त्यांचा परिणाम मात्र मोजता येतो.

१९३२ मध्ये विश्वकिरणांत पॉझिट्रॉन सापडला. इलेक्ट्रॉनएवढेच वस्तुमान, पण भार धन. पॉल डिरॅक यांच्या सिद्धांताने या कणाचे भाकीत आधीच केले होते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतील, हा प्रश्न भाभांनी हाती घेतला. येथे दोन वाटा संभवतात. एकीत दोन्ही कण फोटॉनची देवघेव करून वळतात. दुसरीत ते एकमेकांना नष्ट करतात, त्यांचा फोटॉन होतो आणि त्या फोटॉनमधून पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. अंती दिसते ते सारखेच. कोणती वाट घडली हे सांगता येत नाही. म्हणून दोन्ही वाटांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. भाभांनी तो केला आणि पॉझिट्रॉन हा केवळ एक निराळा कण असता तर उत्तर वेगळे आले असते, हे दाखवले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्याला आज जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या प्रचंड यंत्रात किती टकरी होत आहेत, हे मोजण्याचे मापच भाभांचे हे सूत्र होते.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. एक वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरतो, फोटॉन बाहेर टाकतो, फोटॉनची जोडी होते, त्या जोडीतून पुन्हा फोटॉन निघतात. असे होता होता एकाचे असंख्य होतात. फोटॉनला वस्तुमान नसल्यामुळे विद्युत्‌चुंबकीय बल दूरवर पोहोचते. अणुकेंद्रातील बल मात्र अत्यंत आखूड पल्ल्याचे असते. त्याचे वाहक वजनदार असले पाहिजेत, हे जपानचे हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये सुचवले होते. भाभांनी या विषयातही मोलाची भर घातली, आणि या कणांना ‘मेसॉन’ हे सुटसुटीत नाव रूढ करण्यात त्यांचा वाटा होता.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले. सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. हाती घेतलेले संशोधन, सहकारी, प्रयोगशाळा, सारे पलीकडे राहिले. अशा वेळी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांना आश्रय दिला. जमशेटजी टाटांच्या दातृत्वातून उभी राहिलेली ही संस्था भाभांच्या जन्मवर्षीच, १९०९ मध्ये, स्थापन झाली होती. भौतिकशास्त्र विभागाची धुरा नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे होती. दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने भाभांनी तेथे विश्वकिरण संशोधनाचा विभाग उभारला. बंगळुरू पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या भारित कणांना परतवून लावते, म्हणून या अभ्यासाला ते ठिकाण सोयीचे होते. विमानांतून उपकरणे उंचावर नेऊन मोजमापे घेण्यात आली. पुढे थोर गणिती ठरलेले हरिश-चंद्र १९४३ मध्ये तेथेच त्यांच्याबरोबर काम करू लागले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीने भाभांना सदस्यत्व बहाल केले.

या काळात त्यांच्या मनात पालट झाला. आरंभी युद्ध संपताच परदेशी जावे, असा त्यांचा मानस होता. हळूहळू त्यांना वाटू लागले की साधने मिळाली तर आपल्याच देशात राहून संशोधनाची परंपरा निर्माण करणे हे कर्तव्य आहे. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना मांडली. काही दशकांनी अणुशक्तीचा उपयोग होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परक्याच्या दारी जावे लागू नये, असा विचार त्यात होता. हिरोशिमाची घटना त्यानंतर सुमारे सतरा महिन्यांनी घडली. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळुरू येथेच सुरू झाले. वर्षअखेरीस ती मुंबईला, पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनच्या अणुस्फोटानंतर आकाशवाणीवर बोलताना त्यांनी अण्वस्त्रांच्या खर्चाचा हिशेब मांडला. त्यांच्या त्या भूमिकेविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जात असता त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि ५६व्या वर्षी त्यांची जीवनयात्रा संपली.

या चरित्रात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. सुटी संपून ते वेळेवर परतले असते, तर केंब्रिजला एक श्रेष्ठ प्राध्यापक लाभला असता. अडचणीच्या काळात मिळालेल्या जागेत ते कुढत बसले नाहीत. जे ज्ञान हाती होते ते तेथेच वाटू लागले, विद्यार्थी घडवले, आणि वाट मोकळी झाल्यावरही राहण्याचा निर्णय स्वखुशीने घेतला. उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या आपल्या तरुणांनी आणि त्यांना निरोप देणाऱ्या आईवडिलांनी बंगळुरूची ही सहा वर्षे अवश्य ध्यानात ठेवावीत.