एक्स्प्लेनर : शरीर कमावण्यासाठी टिळकांनी कॉलेजचं अख्खं वर्ष दिलं; सुरुवातीला फरक का दिसत नाही?

सोलापूरच्या पार्क मैदानावर पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी जानेवारीत वाढते आणि फेब्रुवारीत ओसरते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. तीन आठवडे घाम गाळला, भात सोडला, चहातली साखर बंद केली, तरी वजनकाट्यावर जेमतेम अर्धा किलोचा फरक. मग वाटतं, आपल्याला हे जमणारं नाही.

शरीर बदलायला वेळ लागतो, हे महाराष्ट्रात एका माणसानं फार लवकर ओळखलं होतं. ते म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक. त्यांना वजन कमी करायचं नव्हतं, उलट किरकोळ शरीर भक्कम करायचं होतं. पण सुरुवातीचा संथ काळ दोन्हीकडे सारखाच असतो.

अशक्त मुलगा

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यात आलं आणि थोड्याच काळात आई पार्वतीबाई गेल्या. १८७१ मध्ये त्यांचं लग्न झालं, तर १८७२ मध्ये वडीलही गेले. सोळाव्या वर्षी आई-वडिलांचं छत्र हरपलेला हा मुलगा मॅट्रिक होऊन १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

बुद्धी तल्लख, गणितात हुशार, पण तब्येत तोळामासा. पत्नी त्यांच्यापेक्षा सुदृढ दिसायची आणि त्यावरून मित्र थट्टा करायचे, असं चरित्रकार सांगतात.

एक वर्ष फक्त शरीरासाठी

टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यायचं ठरवलं. रोज तालीम, कुस्ती, नदीत पोहणं, नाव वल्हवणं आणि त्याला साजेसा खुराक. अभ्यास मागे पडला आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते नापास झाले.

बाहेरून पाहणाऱ्याला हे वर्ष वाया गेल्यासारखंच वाटलं असणार. वडील हयात नाहीत, त्यात हुशार विद्यार्थ्याच्या नावापुढे नापासाचा शिक्का. पण वर्षअखेरीस तब्येत पालटली होती. पुढे ते गणित घेऊन बी.ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले.

परीक्षा बुडवून व्यायाम करावा, असा याचा अर्थ नाही. लक्षात घ्यायचं ते इतकंच की त्यांनी हिशेब आठवड्यांचा न करता वर्षाचा केला.

पहिले आठवडे फसवे का असतात?

शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की हा साठा घटतो आणि त्याबरोबर पाणीही जातं. त्यामुळे काहींचं वजन पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं. ती बहुतांश पाण्याची घट असते. नंतर वेग मंदावतो, तेव्हा आपण अडकलो असं वाटतं. प्रत्यक्षात चरबी कमी होण्याचा खरा वेग तोच असतो.

काहींच्या बाबतीत उलट घडतं. नव्यानं व्यायाम सुरू केल्यावर दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात आणि काटा हलतच नाही. शिवाय मीठ, पाणी, पोट साफ होणं, स्त्रियांमध्ये मासिक पाळी यामुळे एकाच माणसाचं वजन दोन दिवसांत किलो-दीड किलोनं वरखाली होऊ शकतं. रात्री शेंगा चटणी आणि खारट लोणचं जास्त झालं, तर सकाळी वाढलेला आकडा चरबीचा असेलच असं नाही.

ताकदीचंही तसंच. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढतो तो मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. आरशात दिसेल असा फरक पडायला काही महिने लागतात.

झपाट्यानं उतरलेलं वजन

वजन वेगानं उतरण्याचा अनुभवही टिळकांच्या वाट्याला आला, पण तो तुरुंगात. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगाचं अन्न मानवेना आणि वजन झपाट्यानं घटलं. ते आजारपणाचं लक्षण होतं. शिक्षा पूर्ण होण्याआधी, सप्टेंबर १८९८ मध्ये, ते सुटले तेव्हा प्रकृती खालावलेली होती.

आजही उपासमार करून उतरवलेल्या वजनात स्नायू मोठ्या प्रमाणात जातात आणि नेहमीचं खाणं सुरू होताच वजन परत येतं. म्हणूनच आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग सुरक्षित मानला जातो.

मंडालेची सहा वर्षं

१९०८ मध्ये दुसऱ्या राजद्रोह खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता. इन्सुलिनचा शोध लागायचा होता. हातात उपाय एकच, खाण्यावर काटेकोर ताबा. तो त्यांनी वर्षानुवर्षं पाळला.

१९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथेच पेन्सिलीनं गीतारहस्य लिहून काढलं. जून १९१२ मध्ये पुण्यात पत्नी गेल्या, ती बातमीही त्यांना कोठडीतच कळली. जून १९१४ मध्ये ते सुटले आणि दोन वर्षांतच होमरूल चळवळ उभी केली. ऐन तारुण्यात कमावलेल्या शरीरानं हा ताण पेलला, असं त्यांचे चरित्रकार मानतात. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग मोजायचं काय?

- वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी पाहा. एका आकड्यापेक्षा चार आठवड्यांचा कल महत्त्वाचा.
- कंबरेचं माप घ्या. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरली जाते. काटा स्थिर असतानाही कंबर कमी होऊ शकते.
- जिना चढताना लागणारा दम, झोप, चालण्याचा वेग यांची नोंद ठेवा. फरक आधी इथे जाणवतो.
- भाकरी, डाळ, पालेभाजी हे घरचंच जेवण मापात ठेवा. जो आहार वर्षभर पाळता येणार नाही, तो महिनाभर पाळून फारसा उपयोग नाही.
- मधुमेह, थायरॉईड किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तीन महिने नियमित करूनही वजन, कंबर आणि दम यांपैकी कशातच बदल नसेल, तर आहार आणि तब्येत दोन्ही तज्ज्ञांकडून तपासून घ्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र निकाल लावायची घाई करू नका.