उसाची गुणसूत्रे मोजणारी विदुषी

‘को ८६०३२’ हे उसाचे वाण कराड, वाळवा, पलूसच्या शेतकऱ्यांना घरच्यासारखे परिचित आहे. यातील ‘को’ म्हणजे कोइमतूर. तेथील ऊस पैदास संस्थेतून हे वाण आले, त्याच्या कितीतरी आधी, १९३४ ते १९३९ या काळात तेथे उसाच्या पेशींचे अंतरंग उलगडले ते डॉ. जानकी अम्मल यांनी.

४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तेल्लिचेरी येथे त्यांचा जन्म झाला. मुलींच्या लग्नाची घाई करणाऱ्या त्या काळात त्यांनी अविवाहित राहून वनस्पतिशास्त्राची वाट धरली आणि १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

गोड पण नाजूक ऊस आणि काटक रानटी गवत यांचा संकर करायचा, तर दोघांची गुणसूत्रे ठाऊक हवीत. एरवी ती दिसत नाहीत. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा धागा विस्कटलेला असतो. मानवी पेशीत तो सुमारे दोन मीटर लांब असतो, तर केंद्रक मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढे! हा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. पेशी विभागताना कंडेन्सिन प्रथिने त्याची वेटोळी घालून आखूड, जाड कांड्या बनवितात. त्यामुळे गुंता न होता दोन्ही पेशींना समान वाटा मिळतो. नेमक्या याच क्षणी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजता येतात. गोड उसात ती ८० भरतात, त्याच्या रानटी भावंडात ४० ते १२८.

डीएनएची रचना १९५३ मध्ये आणि रिळांची मांडणी १९७४ मध्ये स्पष्ट झाली. जानकी अम्मल यांच्या हाती होते ते केवळ सूक्ष्मदर्शक, रंगद्रव्य आणि चिकाटी. त्या बळावर त्यांनी ऊस आणि मका यांचाही संकर घडवून दाखविला.

कनिष्ठ मानल्या गेलेल्या तिय्या समाजातील एकट्या स्त्रीसाठी पुरुषांच्या त्या वर्तुळात टिकणे सोपे नव्हते. १९३९ मध्ये त्या एडिंबरोच्या आनुवंशिकी परिषदेला गेल्या, महायुद्ध सुरू झाले आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. तेथे सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेची धुरा त्यांनी वाहिली. १९७७ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. उतारवयात सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्यासाठीही त्यांनी आवाज उठविला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

कृष्णाकाठच्या उसाच्या गोडीमागे अशा अनाम राहिलेल्या तपश्चर्येचाही वाटा आहे.