दादोबा पांडुरंग तर्खडकर

रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर (९ मे १८१४, मुंबई – १७ ऑक्टोबर १८८२) हे मराठी व्याकरणकार, शिक्षक, शासकीय अधिकारी आणि धर्मसुधारक होते. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' या ग्रंथामुळे त्यांना मराठी भाषेचे पाणिनी असे म्हटले जाते. मानवधर्म सभा आणि परमहंस सभा या पश्चिम भारतातील दोन आरंभीच्या सुधारणावादी संस्थांमागील विचार मुख्यतः त्यांचा होता. भास्कर पांडुरंग आणि डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधू.

आडनाव आणि घराणे

तर्खड हे वसईजवळचे एक लहानसे गाव. तेथून मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या घराण्याला गावावरून तर्खडकर हे आडनाव पडले. हे आडनाव दुर्मिळ आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात ते अनेक ठिकाणी भेटते, आणि प्रत्येक वेळी निराळ्या वेशात भेटते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिन्ही भावांनी स्वतःच्या नावापुढे केवळ वडिलांचे नाव लावले. त्यामुळे 'पांडुरंग' हेच त्यांचे आडनाव असावे असा समज इंग्रजी ग्रंथांत आणि ग्रंथालयांच्या सूचींत पुष्कळदा झालेला दिसतो. पुढच्या पिढीने इंग्रजीत आडनाव लिहिताना शेवटचा 'कर' गाळला. बंगाली साहित्याच्या अभ्यासकांना हे घराणे 'तर्खड' किंवा 'तुरखुड' म्हणून ठाऊक आहे ते यामुळे. परिणामी व्याकरणाचा विद्यार्थी एका तर्खडकरांना ओळखतो, प्रार्थना समाजाचा अभ्यासक दुसऱ्यांना, पक्षिनिरीक्षकाला त्याच दुसऱ्यांचे नाव वेगळ्याच कारणाने माहीत असते, आणि ही सर्व मंडळी एकाच घरातील होती हे बहुधा कोणाच्याच ध्यानी येत नाही.

इंग्रजी शिकण्यासाठी महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी वापरलेली 'भाषांतर पाठमाला' तर्खडकर याच नावाने ओळखली जाते. ते पुस्तक दादोबांचे नव्हे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही गफलत वारंवार आढळते, म्हणून येथे स्पष्ट नोंद केली आहे.

शिक्षण आणि नोकरी

दादोबांचा जन्म मुंबईतील खेतवाडीत झाला. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे यशोदा. प्रारंभीचे शिक्षण खासगी शाळांत झाल्यावर ते मुंबईतील नव्या पद्धतीच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. संस्कृत आणि फार्सी या भाषांचाही त्यांनी अभ्यास केला. पेशवाई बुडून दोन दशकेही लोटली नव्हती. मराठीतून कोणते विषय शिकवावेत, त्यासाठी पुस्तके कोणती वापरावीत, हे सारे नव्याने ठरत होते. बाळशास्त्री जांभेकर हे त्यांचे समकालीन. दोघांच्या वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर होते.

काही काळ ते माळव्यातील जावऱ्याच्या नवाबांचे शिक्षक होते. त्यानंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेत त्यांनी अध्यापन केले. १८४६ मध्ये ते मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख झाले. १८५२ मध्ये शिक्षण खाते सोडून ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर म्हणून गेले. तेथील भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त केल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. माणसाची जात एकच असे मांडणाऱ्या या विचारवंताला सरकारी किताब मिळाला तो मात्र रानावनांत राहणाऱ्या लोकांचे बंड मोडल्याबद्दल. ही विसंगती त्यांच्या चरित्रात झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या पिढीतील बहुतेक सुशिक्षितांना इंग्रजी राज्य हे विद्येचे व सुव्यवस्थेचे साधन वाटत असे, आणि दादोबाही त्याला अपवाद नव्हते.

व्याकरणकार्य

मराठीचे व्याकरण लिहिण्याचे प्रयत्न दादोबांच्या पूर्वीही झाले होते. विल्यम केरी यांचे इंग्रजीतील मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले होते. परंतु ते परदेशीयांना मराठी शिकता यावी यासाठी होते. मराठी मुलाला स्वतःच्या भाषेची घडण समजावून देणारे पुस्तक हवे होते, आणि ती गरज १८३६ या एकाच वर्षी तिघांनी भागवू पाहिली: गंगाधरशास्त्री फडके, बाळशास्त्री जांभेकर आणि अवघ्या बावीस वर्षांचे दादोबा. पहिल्या दोघांची पुस्तके लवकरच मागे पडली व दादोबांचे टिकले.

ते टिकण्याची कारणे ग्रंथाच्या रचनेत आहेत. दादोबांनी चौकट घेतली ती लिंडले मरे यांच्या त्या काळी प्रचलित असलेल्या इंग्रजी व्याकरणाची, आणि परिभाषा घेतली ती मुख्यतः संस्कृतातून. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार अशी मांडणी झाल्यामुळे शिक्षकाला पायरीपायरीने शिकवणे शक्य झाले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार प्रकारची अव्यये ही शब्दांच्या जातींची विभागणी आज शाळेतील प्रत्येक मूल पाठ करते. ती मराठी शाळांत रूढ होण्यात या ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे. संस्कृतात शब्दांच्या अशा आठ जाती नाहीत. मराठीच्या सोयीसाठी इंग्रजीचा साचा पत्करून त्याला संस्कृत नावे देण्याची ही युक्ती होती.

तिच्यातच ग्रंथाचे उणेपणही आहे. मराठी नामाला संस्कृताप्रमाणे सात विभक्त्या व संबोधन मानले, की एकाच रूपाला दोन विभक्त्यांत बसवावे लागते. 'ला' हा प्रत्यय द्वितीयेचाही आणि चतुर्थीचाही, हे मुलांना आजही कोडे वाटते. त्या कोड्याचे मूळ येथे आहे. विभक्ती रूपावरून ठरवावी की अर्थावरून, या प्रश्नावर पुढे मोठा वाद झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या व्याकरणविषयक निबंधांत दादोबांच्या अनेक मतांची परखड तपासणी केली. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने ही चर्चा आणखी पुढे नेली. मात्र या सर्वांना खंडन करण्यासाठी का होईना, प्रथम दादोबांपाशीच यावे लागले.

दादोबा स्वतः आपल्या पहिल्या आवृत्तीवर समाधानी नव्हते. १८५० मधील दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ग्रंथाचे जवळजवळ पुनर्लेखन केले. त्यानंतरच्या आवृत्त्यांतही दुरुस्त्या चालूच राहिल्या. लहान मुलांसाठी 'मराठी लघुव्याकरण' त्यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले, तर मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, मूळ ग्रंथाला जोड देणारी पूरणिका प्रसिद्ध केली. बाविसाव्या वर्षी हाती घेतलेले काम सदुसष्टाव्या वर्षीही त्यांनी हातावेगळे केले नव्हते. नोकरी, बदल्या व सभा यांच्या गर्दीत पंचेचाळीस वर्षे एकाच पुस्तकावर परत परत बसणारा लेखक मराठीत विरळाच.

मानवधर्म सभा

सुरतेत दुर्गाराम मंछाराम मेहता या गुजराती शिक्षकांशी त्यांचा स्नेह जुळला. दोघांच्या विचारांतून २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. जातिभेद, मूर्तिपूजा, भूतपिशाच आणि मंत्रतंत्र यांवर सभेत उघड चर्चा होत असे. मांत्रिकांनी आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावे असे आव्हानही सभेने दिले होते. दादोबा मुंबईस गेल्यावर सभेचा जोर ओसरला, आणि पुढे दुर्गारामांनी सुरत सोडल्यावर ती बंद पडली. तिचे आयुष्य अल्प असले तरी गुजरातमधील सुधारणेच्या इतिहासाचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. त्या आरंभात एका मराठी व्याकरणकाराचा हात होता, हे महाराष्ट्रात फारसे सांगितले जात नाही.

परमहंस सभा

सुरतेतील वास्तव्यात, १८४३ च्या सुमारास, दादोबांनी 'धर्मविवेचन' हा छोटा ग्रंथ लिहिला. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राचा धर्म एक आहे, मनुष्याची जात एक आहे, प्रत्येकाला विचारस्वातंत्र्य असावे, आचरण विवेकाला धरून असावे आणि ज्ञान सर्वांना मिळावे, असा त्याचा आशय आहे. ग्रंथ लिहून झाल्यावर सुमारे पंचवीस वर्षे तो हस्तलिखितातच राहिला. १८६८ मध्ये तो छापला गेला तेव्हाही मुखपृष्ठावर दादोबांचे नाव नव्हते. लेखक म्हणून 'एक जगद्वासी आर्य' एवढाच उल्लेख होता.

१८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचा वैचारिक आधार हाच ग्रंथ होता. सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते. सभासद गुप्तपणे जमत, प्रार्थना करीत आणि निरनिराळ्या जातींचे लोक एकत्र बसून खात. नव्या सभासदाने ख्रिस्ती भटारखान्यातील पाव खाल्ल्याखेरीज त्याला प्रवेश मिळत नसे. बाबा पदमनजी हे ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ या सभेत होते. तुकाराम तात्या पडवळ हेही तिच्याशी संबंधित होते.

या गुप्ततेबद्दल सभेवर पुष्कळ टीका झाली आहे. अंधारात पाव खाऊन उजेडात जातीचे सर्व नियम पाळणारे सुधारक, असे तिच्या सभासदांचे वर्णन करणे सोपे आहे. पण तो काळ लक्षात घ्यावा लागतो. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांच्या घरून परत आणून प्रायश्चित्तानंतर जातीत घेण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसारख्या मान्यवर विद्वानालाही प्रखर विरोध सोसावा लागला. बहिष्कार म्हणजे केवळ पंगतीतून उठवणे नव्हे. मुलींची लग्ने अडत, घरात मर्तिक झाले तर खांदेकरी मिळत नसत. दादोबांचा सावधपणा या भीतीतून आलेला होता. लोकमत तयार होईपर्यंत थांबावे असे त्यांना वाटे. लोकमत तयार करायचे तर बोलावे लागते, आणि गुप्त सभेला तेच करता येत नव्हते. सभेचा अंत याच पेचात झाला. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे पुस्तक चोरीस गेले, नावे बाहेर फुटली आणि सभा विखुरली.

भास्कर पांडुरंग

दादोबांहून दोन वर्षांनी लहान असलेले भास्कर पांडुरंग (१८१६–१८४७) स्वभावाने अगदी वेगळे होते. १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी वृत्तपत्रात 'एक हिंदू' या सहीने आठ पत्रे प्रसिद्ध झाली. ती त्यांचीच मानली जातात. इंग्रजी राज्यामुळे या देशाची संपत्ती बाहेर जाते, युद्धांचा भार प्रजेवर पडतो आणि व्यापाराच्या नावाखाली लूट होते, असा उघड आरोप त्यांत होता. दादाभाई नवरोजींनी संपत्तीच्या अपहाराची मीमांसा मांडली ती यानंतर पंचवीसेक वर्षांनी. थोरला भाऊ सरकारी नोकरीत आणि धाकटा सरकारच्या नीतीवर शस्त्र धरून, हे चित्र या घराचे होते. भास्कर वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले.

डॉ. आत्माराम पांडुरंग आणि पुढची पिढी

आत्माराम (१८२३–१८९८) हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. परमहंस सभेची गुप्तता त्यांनी टाकून दिली. ३१ मार्च १८६७ रोजी त्यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली, पुढे न्या. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यामुळे त्या समाजाला महाराष्ट्रभर प्रतिष्ठा मिळाली. आत्माराम हे १८७९ मध्ये मुंबईचे शेरीफ होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते: एक डॉ. सखाराम अर्जुन, दुसरे आत्माराम.

१८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी संभाषणाच्या सरावासाठी आत्मारामांच्या घरी राहिले होते. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात अधिकारी होते आणि आत्मारामांचे स्नेही होते. आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा विलायतेत राहून आलेली होती. रवींद्रनाथांना शिकवण्याचे काम तिच्याकडे आले. रवींद्रनाथांनी तिला 'नलिनी' हे नाव दिले. १८८० मध्ये तिने हॅरोल्ड लिटलडेल यांच्याशी विवाह केला. १८९१ मध्ये तिचे परदेशी निधन झाले.

उत्तरायुष्य आणि अन्य लेखन

मराठी ज्ञानप्रसारक सभेचे दादोबा पहिले अध्यक्ष होते. ही सभा १८४८ मध्ये स्थापन झाली व १८५० पासून तिचे मासिक निघू लागले. मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनी १८६५ मध्ये विस्तृत टीका लिहिली आणि आईवडिलांच्या नावांवरून तिला 'यशोदा-पांडुरंगी' असे नाव दिले. मूर्तिपूजा न मानणाऱ्या दादोबांनी एका भक्तिकाव्यावर इतक्या प्रेमाने लिहावे, यावरून त्यांची धर्मबुद्धी कोरडी नव्हती हे कळते. स्वीडिश तत्त्वचिंतक इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग यांच्या ग्रंथांनी उतारवयात त्यांना भारून टाकले. त्यांच्यावरील दादोबांचे इंग्रजी चिंतन १८७८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' हे पद्यात्मक पुस्तक १८८० मधले आहे.

त्यांचे आत्मचरित्र १८४६ पर्यंतचाच काळ सांगून थांबते. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादित करून आणि उर्वरित आयुष्याची माहिती जोडून १९४७ मध्ये 'रावबहादूर दादोबा पांडुरंग' या नावाने प्रकाशात आणले. परमहंस सभेचा संपूर्ण काळ त्या आत्मचरित्राच्या बाहेर राहिला आहे.