डॉ. कमला सोहोनी : विकरांच्या संशोधिका

आमच्या मावळातील इंद्रायणी भाताचा घास सावकाश चावला, की तो तोंडातच किंचित गोड लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर भातातील स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर बनवीत असते. बहुतेक विकरे ही प्रथिनेच. ती शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग कैक पटींनी वाढवितात, स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. प्रत्येक विकराला एक विशिष्ट खाच असते. तीत नेमका बसणाऱ्या पदार्थावरच त्याची क्रिया चालते. या विषयात आयुष्य वेचणाऱ्या कमलाबाईंचे चरित्र आमच्या विद्यार्थिनींनी, आणि विद्यार्थ्यांनीही, जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. बौद्ध वाङ्मयाच्या व्यासंगी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून त्या १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या माघारी फिरल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. ही अट आम्हांस आजही अन्यायाची वाटते. परंतु त्यांचे काम पाहून रामन यांचेच मत पालटले आणि पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना, पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे त्यांनी दाखविले. प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वासोच्छ्वासाचे नाते त्यातून स्पष्ट झाले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या व कडधान्यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. लोणावळ्याच्या घाटाखाली कोकणात घरोघरी रांधल्या जाणाऱ्या वालात एक अडथळा दडलेला असतो. आपल्या आतड्यात प्रथिने पचविणारे ट्रिप्सिन हे विकर असते. कच्च्या वालातील एक प्रथिन नेमके त्याच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचे काम रोखते. हे रोधक प्रथिन कमलाबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. उष्णतेने त्याची घडी बरीचशी मोडते, म्हणूनच वाल नीट शिजवावा लागतो. गरिबाच्या ताटातील प्रथिन त्याच्या अंगी लागावे, ही त्या संशोधनामागील निकड होती.

पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालिका झाल्या, त्याही उशिराने. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.