जावजी दादाजींचा खिळा

आमच्या गल्लीतला छापखाना मोडला तेव्हा भंगारातून मी शिशाचा एक खिळा उचलला. अंगठ्याला खाच लागली. जुळाऱ्याला न बघता खिळा सुलटा धरता यावा म्हणून ती असते. हे सारे जावजी दादाजींना लहानपणीच हाताला कळले असेल. १८३९ साली गरीब घरात जन्म, शिक्षण बेताचे. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात ते पोरवयात खिळे घासायला लागले. टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली ओतकाम शिकले. १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना, १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना. ‘काव्यमाले’तले संस्कृत ग्रंथ तिथलेच. १८९२ मध्ये ते वारले. पण अक्षरांचे ते देखणे वळण त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांनी पोलादात कोरले होते. आपण मात्र एकट्या जावजींचेच नाव घेतो. मीही आत्ता तेच केले!