सरकार मोडले तर उरतो गावगाडा

आमच्या साखरखेर्ड्याच्या लढाईने १७२४ साली निजामाची सत्ता उभी केली. सत्ता बदलली, गावकूस बदलले नाही. म्हणून राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या अराज्यवाद्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य वाचावे.

शाळेत शिपायाने ओतले तरच भीमरावाला पाणी मिळे. ते सरकारने नव्हे, रूढीने अडवले होते. मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या ठरावाने पाणवठे खुले झाले. तरी १९२७ साली महाडला सत्याग्रहींवर सवर्णांनी लाठ्या चालवल्या. चवदार तळ्याचा हक्क १९३७ साली मुंबई हायकोर्टाने मान्य केला. १९४८ साली बाबासाहेबांनी घटना समितीत गाव नाकारले, व्यक्तीला पाया मानले. १९४९ साली, सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहही सोडा, नाहीतर अराजक येईल, असे बजावले.

बांधवांनो, सरकार चुकले तर कोर्टात खेचा, मतपेटीत पाडा. पण राज्यच मोडले तर दाद कोणाकडे मागणार? पाटलाकडे?